पत्ररूप तत्त्वज्ञान : चांगदेव आणि लुसिलियस

तत्त्वज्ञान हा शब्द कानीं पडला कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा एक जाडजूड ग्रंथ उभा राहतो. त्यांत सूत्रें असावयाचीं, सूत्रांवर भाष्य असावयाचें, भाष्यावर टीका असावयाची, आणि हें सारें समजण्यास केस पिकावे लागावयाचे, अशी आपली समजूत असते. परंतु वाङ्मयाचा इतिहास पाहिला तर एक मोठी मौजेची गोष्ट आढळून येते. जीवन कसें जगावें, मरणाला कसें सामोरें जावें, मी कोण आणि तूं कोण, असल्या गहन प्रश्नांचीं उत्तरें थोर पुरुषांनीं पुष्कळदां पत्रांतून दिलेलीं आहेत. प्राचीन रोममध्यें असें घडलें, आणि आपल्या महाराष्ट्रांतहि घडलें. ग्रंथाचा राजमार्ग मोकळा असतां या ज्ञानी पुरुषांनीं पत्राची पाऊलवाट कां पत्करली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पत्र ही वस्तु काय आहे तें पाहूं. आपल्या केम गांवचें कुंकू प्रसिद्ध आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना कुंकू लागलेलें दिसलें कीं आंतील मजकूर वाचण्यापूर्वींच घरांत आनंद होतो. उलट, पूर्वीं कोपरा फाटलेलें कार्ड पोस्टमनानें हातीं ठेवलें कीं घरांत रडारड सुरू होई. अक्षरें वाचण्याचीहि कोणी वाट पाहत नसे. म्हणजे पत्रांत मजकुराइतकेंच महत्त्व, तें कोणाकडून कोणाकडे व कोणत्या भावनेनें निघालें आहे, याला असतें. ग्रंथ लिहिणाराला आपला वाचक कोण हें ठाऊक नसलें तरी चालतें. सभेंत बोलणाराला समोरचें प्रत्येक तोंड ओळखण्याचें कारण पडत नाहीं. पण पत्र लिहावयास बसणाराला पहिल्याच ओळींत एक गोष्ट ठरवावी लागते : समोरचा माझा कोण? तो तीर्थरूप, कीं चिरंजीव, कीं राजमान्य राजश्री? मायना ठरल्याशिवाय लेखणी पुढें सरकत नाहीं.

ही अडचण किती खरी आहे हें चांगदेवाच्या कथेवरून कळून येतें. परंपरा असें सांगते कीं, योगसामर्थ्यानें चौदाशें वर्षें जगलेल्या चांगदेवाच्या कानीं ज्ञानदेवांची कीर्ति गेली, तेव्हां त्यानें भेटीपूर्वीं पत्र पाठविण्याचें ठरविलें. परंतु मायन्यापाशींच त्याची लेखणी अडली. वयाकडे पाहावें तर ज्ञानदेव पोर. त्यांना ‘चिरंजीव’ लिहावें. ज्ञानाकडे पाहावें तर ते वडील; त्यांना ‘तीर्थरूप’ लिहावें. कांहींच ठरेना, म्हणून त्यानें कोरा कागदच शिष्याबरोबर पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाईनें, इतकीं वर्षें जगूनहि हा कोराच राहिला, असा टोला दिल्याचें सांगतात. निवृत्तिनाथांनीं मात्र ज्ञानदेवांस उत्तर लिहिण्याची आज्ञा केली, आणि त्या उत्तराच्या ६५ ओव्या झाल्या. तीच ‘चांगदेव पासष्टी’ होय. चौदाशें वर्षांच्या आयुष्याची गोष्ट ज्याच्या बुद्धीस पटत नाहीं, त्यानेंहि त्या ओव्या जरूर वाचाव्या.

तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या पत्राचा आरंभ रिवाजास धरून ‘स्वस्ति श्री’ या मंगल शब्दांनीं होतो. पुढें विषय येतो तो अद्वैताचा. सोन्याचा अलंकार झाला तरी सोनेपणाला उणेपणा येत नाहीं. पाण्यावर लाट उठली तरी पाण्यावांचून तिच्यांत दुसरें कांहीं नसतें. त्याचप्रमाणें पाहणारा, पाहिलेली वस्तु आणि पाहणें ही त्रिपुटी एकाच चैतन्याचा विलास होय, असें ज्ञानदेव समजावून देतात. हाच सिद्धांत त्यांनीं ‘अमृतानुभव’ या ग्रंथांत विस्तारानें मांडला आहे. मग पत्रांत निराळें काय झालें? निराळें हें झालें कीं, येथें सिद्धांत एका माणसाच्या भेटीला निघाला आहे. आपली भेट व्हावी ही उत्कंठा दोघांनाहि आहे; पण ती भेट व्हावयाची तरी कशी, असा प्रश्न ज्ञानदेव उपस्थित करतात. मिठाचा खडा पाण्याचा ठाव घ्यावयास आंत शिरला, आणि पाहतो तों आपणच उरला नाहीं. मग पाण्याचें माप घ्यावें कोणीं? तसा तुला पाहावयास निघालेला मी उरतच नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे. भेटीसाठीं आलेल्या पत्राच्या उत्तरांत भेट या शब्दाचाच अर्थ त्यांनीं उकलून दाखविला.

या पत्राचा शेवट आपण विशेष लक्ष देऊन वाचला पाहिजे. चांगदेवाला चक्रपाणि या नांवानें संबोधून ज्ञानदेव सांगतात कीं, आपण दोघे म्हणजे जणूं दोन डोळस आरसे आहों. ते समोरासमोर आले असतां कोणी कोणाला पाहिलें हा भेदच मावळतो. पुढें ते असेंहि म्हणतात कीं, जो कोणी या ओव्यांचा आरसा करील त्यालाहि तेंच आत्मसुख लाभेल. आणि चांगदेवाचें निमित्त करून निवृत्तिनाथरूपी माउलीनें आपल्याला स्वानुभवाचा गोड खाऊ मायेनें दिला, असा कृतज्ञतेचा उद्गारहि तेथें आहे. पत्ररूप तत्त्वज्ञानाचें सारें मर्म या दोन-तीन ओव्यांत साठविलेलें आहे. पत्रावर नांव चांगदेवाचें. परंतु चांगदेव हें निमित्त. एका माणसाशीं इतक्या खरेपणानें बोलावें कीं, त्याच्या जागीं पुढें दुसऱ्या कोणालाहि येऊन बसतां यावें!

आतां आपण या काळाच्याहि सुमारें बाराशें वर्षें मागें, समुद्रापलीकडील रोममध्यें जाऊं. कारण हीच युक्ति तेथें अगदीं निराळ्या स्वभावाच्या एका पुरुषानें योजिली होती. सेनेका हा स्पेन देशांतील कोर्दोबा येथें जन्मलेला रोमन तत्त्वज्ञ. तो स्टोइक पंथाचा होता. सद्गुण हेंच मनुष्याचें एकमेव खरें हित, आणि संपत्ति, कीर्ति, आजार, मरण यांपैकीं कशानेंहि मनाची समता ढळूं देऊं नये, हें त्या पंथाचें मुख्य सूत्र. सेनेका नीरो बादशहाचा शिक्षक होता आणि नीरो गादीवर आल्यावर त्याचा सल्लागार झाला. इ. स. ६२ च्या सुमारास त्यानें दरबारांतून अंग काढून घेतलें, इ. स. ६५ मध्यें त्याच नीरोनें कटांत सामील असल्याचा आरोप ठेवून त्याला आपल्या हातानें प्राण देण्यास भाग पाडलें. मधल्या या दोन-तीन वर्षांत त्यानें लुसिलियस नांवाच्या मित्रास उद्देशून लिहिलेलीं १२४ पत्रें आज उपलब्ध आहेत. लुसिलियस हा त्या वेळीं सिसिली बेटावर बादशाही अधिकारी होता. त्या काळीं रोममध्यें सरकारी टपाल होतें, पण तें सरकारी कामापुरतेंच. खाजगी पत्रें गुलामाच्या किंवा प्रवाशाच्या हातीं जात. आपल्याकडे मराठेशाहींत जासूद आणि कासीद पत्रें नेत, तसाच कांहींसा तो प्रकार होता.

या पत्रांची घडण मोठी सोपी आहे. रोजच्या व्यवहारांतील एखादी लहानशी गोष्ट आरंभीं यावयाची, आणि तिच्यांतून विचाराला वाट फुटावयाची. एका पत्रांत सेनेका आपल्या मळ्यावरील घरीं गेल्याची हकीकत सांगतो. दुरुस्तीचा खर्च पाहून तो कारभाऱ्यावर रागावतो. कारभारी म्हणतो, माझी हयगय नाहीं, घरच जुनें झालें आहे. तें घर तर सेनेकानें स्वतः बांधलेलें! पुढें वाळत चाललेलीं झाडें दिसतात. तीं त्यानेंच लाविलेलीं. दाराशीं एक दांत पडलेला म्हातारा गुलाम उभा असतो. तो सांगतो कीं, लहानपणीं तुम्ही मला खेळणीं आणून देत होतां. घर, झाडें आणि माणूस या तिघांनीं आपलें म्हातारपण आपल्याला दाखवून दिलें, अशा अर्थाचें लिहून सेनेका वार्धक्याच्या व मरणाच्या विचाराकडे वळतो. दुसऱ्या एका पत्रांत, आपण सार्वजनिक स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहिलों असतां खालून येणाऱ्या गोंगाटाचें वर्णन करून, खरी शांतता बाहेर असते कीं आंत, हा प्रश्न तो घेतो. आणखी एका पत्रांत, गुलाम हेहि माणसेंच आहेत, त्यांच्या पंक्तीला बसण्यास लाजूं नये, असें तो निर्भीडपणें सांगतो.

आपल्या जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावें’ असें लिहिण्याचा परिपाठ होता. रोमन लोकांतहि ‘तूं बरा असशील तर ठीक, मी बरा आहें’ अशा अर्थाचें वाक्य पत्रारंभीं घालण्याची जुनी रीत होती. सेनेका एका पत्रांत या रीतीची आठवण करून देतो आणि सुचवितो कीं, आपण मात्र ‘तूं तत्त्वचिंतन करीत असशील तर ठीक’ असें म्हणावें. कारण मन निरोगी नसेल तर शरीराच्या कुशलाला अर्थ काय? तसेंच आरंभींच्या बहुतेक पत्रांच्या शेवटीं तो एखादें सुवचन ‘आजचें देणें’ म्हणून जोडून देतो. हीं वचनें बहुधा एपिक्युरस या ग्रीक तत्त्ववेत्त्याचीं आहेत. एपिक्युरसाचा पंथ स्टोइकांचा प्रतिस्पर्धी. परंतु सत्य वचन कोणाचेंहि असो, तें सर्वांच्या मालकीचें, असें सेनेकाचें मत होतें. विशेष म्हणजे एपिक्युरसानेंहि आपल्या मताचें सार शिष्यांस लिहिलेल्या पत्रांतून सांगितलें होतें, आणि त्याचीं तीन मोठीं पत्रें आजहि टिकून आहेत. तेव्हां ही वाट सेनेकाच्या पूर्वींच पडलेली होती; तिचा हमरस्ता त्यानें केला.

त्यानें हीच वाट कां धरिली, याचें कारणहि तो एके ठिकाणीं देतो. मोठ्या सभेंतील भाषणानें गलबला होतो. जवळ बसून हळू आवाजांत केलेली गोष्ट मनांत शिरते. उपदेशाचे शब्द बियांसारखे असतात. ते थोडेच असले तरी चांगल्या जमिनींत पडले कीं वाढतात. ही उपमा आपल्याकडील शेतकऱ्याला समजावून सांगावयास नको. ज्वारी पेरतांना पोतें एकाच जागीं ओतून कोणी पेरणी करीत नाहीं. मुठीमुठीनें चाड्यांतून बीं सोडावें लागतें. ग्रंथ हें धान्याचें पोतें मानलें तर पत्र ही पेरणीची मूठ होय. एका पत्रांत एकच विचार, मग कांहीं दिवसांचा अवकाश, मग दुसरें पत्र. त्या मधल्या अवकाशांतच बीं रुजतें. अनेक ग्रंथ चाळणारा मनुष्य सर्वत्र हिंडतो पण कोठेंच राहत नाहीं, म्हणून रोज एकच विचार घेऊन तो पचवावा, असा सल्ला सेनेकानें आपल्या दुसऱ्याच पत्रांत दिला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सर्व पुस्तकें एकदम उघडून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीं याचा अवश्य विचार करावा.

येथें चाणाक्ष विद्यार्थी एक शंका घेईल. लुसिलियसचें एकहि उत्तर आज उपलब्ध नाहीं; मग हीं पत्रें खरोखर पाठविलेलीं, कीं प्रसिद्धीसाठींच रचलेलीं? याविषयीं पंडितांत मतभेद आहे. लुसिलियस हा खरा मनुष्य होता, आणि पुढील पिढ्यांनीं हीं पत्रें वाचावीं हा सेनेकाचा हेतु होता, या दोन गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. सिसेरोनें आटिकस या मित्रास लिहिलेल्या पत्रांमुळें आटिकसाचें नांव राहिलें, तसें माझ्या पत्रांनीं तुझें नांव राहील, असें तो लुसिलियसास आश्वासन देतो. म्हणजे चांगदेवाप्रमाणेंच लुसिलियसहि निमित्त झाला. खाऊ मात्र सर्वांच्या वांट्याला आला.

दुसरी शंका याहून कठीण आहे. सेनेका अतिशय धनाढ्य होता, आणि नीरोसारख्या राजाच्या सेवेंत त्यानें बरीच वर्षें काढलीं होतीं. साधेपणाचा उपदेश करणारा हा पुरुष ढोंगी आहे, असा आरोप त्याच्या हयातींतच झाला होता. अशा मनुष्याचा उपदेश आपण कां ऐकावा? याचें उत्तर पत्र या प्रकारांतच सांपडतें. सेनेका एका पत्रांत स्पष्ट सांगतो कीं, मी कांहीं बरा झालेला वैद्य नव्हे. एकाच दवाखान्यांत शेजारच्या खाटेवर पडलेल्या सोबत्याशीं आपल्या दोघांच्या आजाराविषयीं बोलावें, तसा मी तुझ्याशीं बोलत आहें. उच्चासनावरून बोलणाराला अशी कबुली देणें जड जातें. मित्राला पत्र लिहिणाराला ती सहज देतां येते. त्यामुळें त्याच्या दोषांचें समर्थन होत नाहीं. पण आपल्यांत दोष असतांहि दुसऱ्याच्या हिताची गोष्ट प्रामाणिकपणें बोलण्याची एक रीत मनुष्याला मिळते.

ज्ञानदेव व सेनेका यांच्या पत्रांतील भेद आतां आपल्या ध्यानीं येईल. ज्ञानदेव मुक्कामाला पोंचलेल्या पुरुषाच्या अधिकारानें लिहितात, म्हणून त्यांना एकच पत्र पुरतें. सेनेका वाटेवरचा प्रवासी आहे, म्हणून त्याला मजल दरमजल १२४ पत्रें लिहावीं लागतात. एक म्हणतो, तूं आणि मी हा भेदच पाहूं नको. दुसरा म्हणतो, तूं आणि मी मिळून थोडें थोडें सुधारूं. एवढें अंतर असूनहि दोघांनीं पत्रच निवडलें. कारण पत्र उत्तराची वाट पाहतें. चांगदेवानें पुढें अहंकार टाकून मुक्ताबाईचें शिष्यत्व पत्करलें, असें परंपरा सांगते. तें त्याचें उत्तर. लुसिलियसचें उत्तर काळाच्या उदरांत गेलें. आपलें उत्तर आपण आपल्या वर्तनानें द्यावयाचें आहे.

आपल्या शाळेंतील वाचकांना संत पौलाचीं पत्रें परिचित आहेत. तीं सेनेकाच्याच शतकांतलीं आहेत. सेनेकाचा भाऊ गल्लियो याचें नांव तर ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत पौलाच्या हकीकतींतच आलेलें आहे. पौलानें बहुतेक पत्रें निरनिराळ्या मंडळ्यांस लिहिलीं; पण फिलेमोनास लिहिलेलें चिमुकलें पत्र, अनेसिम नांवाच्या एका दासाला बंधूप्रमाणें परत स्वीकार, अशी गळ घालण्यासाठीं लिहिलें आहे. गुलामांविषयींचें सेनेकाचें पत्र व हें पत्र शेजारीं ठेवून वाचण्याजोगीं आहेत. पुढें चौथ्या शतकाच्या सुमारास कोणी तरी सेनेका व पौल यांचा परस्पर पत्रव्यवहार म्हणून १४ पत्रें रचून प्रचारांत आणलीं. तीं बनावट असल्याचें आज सर्वमान्य आहे. परंतु दोन विचारवंतांची भेट घडवावयाची तर ती पत्रांतूनच घडवावी, असें त्या अज्ञात लेखकालाहि वाटलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

अर्वाचीन महाराष्ट्रांत हें साधन छापखान्याच्या हातीं आलें. भाऊ महाजन यांच्या मुंबईंतील ‘प्रभाकर’ पत्रांत गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ ते १८५० या काळांत ‘लोकहितवादी’ या नांवानें १०८ पत्रें लिहिलीं, तींच ‘शतपत्रें’. आळस सोडा, नवी विद्या शिका, मुलींना शिकवा, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक द्या, असें त्यांनीं आपल्या समाजाला खडसावून सांगितलें. एका मित्राच्या जागीं आतां सारा समाज आला, त्यामुळें स्वर चढला, भाषा कडक झाली. परंतु आपल्याच माणसाला लिहावें ती कळकळ सुटली नाहीं. पुढें साने गुरुजींनीं पुतणी सुधा हिला लिहिलेलीं ‘सुंदर पत्रें’ आलीं, आणि पत्राचा तो हळू आवाज मराठींत पुनः ऐकूं आला.

सध्यांच्या काळीं कागदी पत्रें विरळ झालीं आहेत. १८७९ मध्यें पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें तेव्हां गरिबालाहि पत्र लिहितां येऊं लागलें. आज त्याहूनहि स्वस्तांत, क्षणार्धांत, भ्रमणध्वनीवरून संदेश जातो. ही सोय वाईट आहे असें कोणी म्हणूं नये. परंतु एकच सुविचार सकाळीं शंभर जणांना पाठविला जातो, तेव्हां तो त्यांतील कोणालाच पाठविलेला नसतो. त्यावर मायना नसतो, आणि ‘समोरचा माझा कोण’ हा प्रश्न पाठविणाराला पडलेला नसतो. चांगदेवाच्या कोऱ्या कागदांत निदान तो प्रश्न तरी होता!

आपल्या भागांतील पुष्कळ घरांतून वडील किंवा मोठा भाऊ पोटासाठीं पुण्यामुंबईकडे राहतो. पुष्कळ मुलें शिक्षणासाठीं वसतिगृहांत असतात. फोनवर बोलणें होतें. पण तें बहुधा जेवण, पैसे आणि परीक्षेचे गुण यांपाशींच संपतें. पालकांना आमची विनंति आहे कीं, वर्षांतून दोन-चार वेळां तरी मुलाला अथवा मुलीला स्वहस्तें एक पत्र लिहावें. आपण विद्वान् नाहीं, आपल्या हातून चुका झालेल्या आहेत, मग उपदेश कोणत्या तोंडानें करावा, असा संकोच मनांत आला तर सेनेकाच्या शेजारच्या खाटेची आठवण ठेवावी. घरीं घडलेली एखादी लहानशी गोष्ट सांगावी, तिच्यावरून आपल्याला काय वाटलें तें दोन ओळींत लिहावें, आणि थांबावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं मुलाबाळांकडून लिहवून घ्यावें. पूर्वीं कितीएक पत्रें अशींच लिहिलीं जात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला असें पत्र आलें तर तें जपून ठेवा, थोड्या दिवसांनीं पुनः वाचा, आणि त्याचें उत्तर लिहा. उत्तर लिहितांना मायन्यापाशीं क्षणभर थांबा. हा मनुष्य माझा कोण, आणि मी त्याचा कोण, एवढें ज्याला नीट लिहितां आलें, त्याच्या तत्त्वज्ञानाचा पहिला धडा झाला असें समजावें. पुढचे धडे, ज्याला पत्र लिहाल तो, आणि आयुष्य, शिकवीलच.